दाढेतला धातू आणि गालातला चट्टा

दाढेत भरलेल्या धातूमुळे माणूस आजारी पडतो का, हा वाद पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. नायगावसारख्या तालुक्याच्या गावी मात्र तो अजून नीट विचारलाच गेलेला नाही. इथे दाढ ठणकली की आधी लवंगेचे तेल, मग मेडिकलवरची गोळी, आणि अगदीच सोसवेनासे झाले की नांदेडची वाट. काही जण नरसीवरून पुढे निजामाबाद-हैदराबादही गाठतात. डॉक्टर कीड काढतात, ‘चांदी’ किंवा ‘सिमेंट’ भरतात, रूट कॅनॉल झाले असेल तर वर टोपी बसवतात. पेशंट घरी येतो. वर्षानुवर्षे तोंडात राहणारा कोणता धातू आपल्याला बसवला, हे त्याला ठाऊक नसते आणि बहुतेक वेळा कागदावरही लिहिलेले नसते. पुढे काही वर्षांनी गालाच्या आतून पांढरट जाळी उठते, तिखट लागले की आग होते, तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो असे कुणाच्या मनातही येत नाही. दुसरीकडे, मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ पाहून गुडघेदुखीपासून केस गळण्यापर्यंत सगळ्याचा दोष दाढेतल्या पाऱ्यावर टाकणारे आणि धडधाकट फिलिंग उकरून घ्यायला निघालेलेही भेटतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे. धातूबद्दलची प्रतिकारयंत्रणेची संवेदनशीलता खरी आहे, पण ती थोड्यांना असते. तिच्या खुणा ठरावीक जागी दिसतात आणि म्हणून ती शोधता येते. शोधायची कशी आणि तिच्या नावावर काय खपवायचे नाही, हे दोन्ही कळले तर आपल्या भागातल्या पुष्कळ लोकांचा त्रास आणि पैसा वाचेल.

‘चांदी’ म्हणून आपल्याकडे जे भरतात ते अमाल्गम. त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा आणि उरलेल्यात चांदी, कथील, तांबे. भुकटी पाऱ्यात घोटली की काही मिनिटे मऊ राहते, दाढेत दाबून बसवता येते आणि मग दगडासारखी घट्ट होते. ओल्या तोंडात, घाईत, कमी पैशात टिकाऊ काम करणारा असा दुसरा पदार्थ बराच काळ नव्हता, म्हणून तो जगभर पसरला. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ अशा भारदस्त नावाने तो न्यूयॉर्कला नेला. तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने १८४५ च्या सुमारास सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची शपथ लिहून घेतली. त्या शपथेवरून फूट पडत गेली आणि १८५६ पर्यंत संघटनाच संपली. पुढे १९२६ मध्ये आल्फ्रेड श्टोक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेने स्वतःची स्मरणशक्ती आणि प्रकृती कशी ढासळली हे लिहिले आणि बोट दाढांमधल्या पाऱ्याकडेही दाखवले. अमेरिकेत हॅल हगिन्स या दंतवैद्याने असंख्य दुर्धर आजारांचे खापर अमाल्गमवर फोडले. कोलोरॅडो राज्याने १९९६ मध्ये त्यांचा परवाना रद्द केला.

या सगळ्या भांडणात तीन निरनिराळे प्रश्न एकाच पोत्यात कोंबले गेले. पाऱ्याचे विष किती मात्रेने चढते, हा एक. त्याची ॲलर्जी कुणाला होते, हा दुसरा. आणि पारा प्रतिकारयंत्रणेला शरीराच्याच विरुद्ध फिरवतो का, हा तिसरा. विषाला मात्रा लागते आणि पुरेशी मात्रा झाली की ते कुणालाच सोडत नाही. ॲलर्जीला कणभर पुरतो, पण ती शंभरातल्या मोजक्यांनाच होते. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचे बरेचसे आपोआप सुटे होते.

ॲलर्जीची गोष्ट सुरू होते तीच पाऱ्यापासून. १८९५ मध्ये योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने पाऱ्याच्या मलमाने अंगावर पुरळ उठलेल्या रुग्णाच्या निरोगी कातडीवर तोच पदार्थ पट्टीखाली ठेवला, आणि पट्टीखाली तसाच दाह उठला. आज जगभर कातडीच्या ॲलर्जीसाठी वापरली जाणारी पॅच टेस्ट तिथून आली. म्हणजे पाऱ्याची ॲलर्जी ही अलीकडच्या कुणी काढलेली टूम नाही, वैद्यकाने सव्वाशे वर्षांपूर्वी ती डोळ्यांनी पाहिलेली आहे.

ती घडते कशी? लाळेत धातू झिजतो आणि त्याचे आयन सुटतात. आयन इतका लहान असतो की प्रतिकारयंत्रणेच्या तो एरवी लक्षातही येत नाही. पण तो आपल्याच एखाद्या प्रथिनाला चिकटला की प्रथिनाचे रूप बदलते आणि आपलेच प्रथिन परके दिसू लागते. कातडीत आणि गालाच्या अस्तरात लँगरहान्स पेशी गस्त घालत असतात. त्या हे बदललेले प्रथिन उचलून लसिकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना दाखवतात. काही टी-पेशी ती ओळख कायमची जपून ठेवतात. हे सगळे मुकाट्याने होते, माणसाला काही जाणवत नाही. पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनी, तोच धातू पुन्हा पुरेसा सुटला की ओळख ठेवलेल्या पेशी धावून येतात आणि दोन-तीन दिवसांत त्या जागी दाह पेटतो. शेंगदाणा खाल्ल्याबरोबर ओठ सुजून श्वास कोंडणारी ॲलर्जी वेगळी. तिचे यंत्र निराळे, वेळ मिनिटांची. धातूची ॲलर्जी सावकाश येते, म्हणूनच कारण आणि परिणाम यांची सांगड पेशंटला लावता येत नाही.

दातांच्या टोप्या आणि तारांत असणाऱ्या निकेलची एक खोडी तर त्याहून पुढची आहे. २०१० मध्ये संशोधकांनी दाखवले की निकेलचा आयन माणसाच्या पेशींवरील टीएलआर-४ या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) थेट चिकटतो. जंतू आल्यावर जी घंटा वाजायची ती निकेल स्वतःच वाजवतो. उंदराच्या त्याच ग्राहकात चिकटायची जागा नसते, त्यामुळे उंदराला निकेलची ॲलर्जी सहजासहजी होत नाही. सगळ्या धातूंत निकेल पहिल्या क्रमांकाचा ॲलर्जीकारक का, याचे उत्तर त्यात बऱ्यापैकी मिळते.

तोंड मात्र कातडीपेक्षा सोशिक असते. लाळ सतत धुऊन नेते, रक्तपुरवठा भरपूर असल्याने सुटलेला पदार्थ एका जागी साचत नाही, आणि लँगरहान्स पेशीही कातडीच्या मानाने कमी असतात. ज्या बाईला कानातल्या खोट्या डुलांनी पाळीला खाज सुटून पाणी वाहते, तिच्याच तोंडात निकेल असलेली तार मुकाट राहू शकते. म्हणून कातडीवरच्या ॲलर्जीवरून तोंडातले भाकीत करायला जाऊ नये.

तोंडात जेव्हा खरोखर प्रतिक्रिया येते, तेव्हा तिचे ठरलेले रूप असते. तिला लायकेनॉइड चट्टा म्हणतात. गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढऱ्या रेघांची जाळी, मध्ये लालसर भाग, कधी सोलवटल्यासारखी जखम. तिखट आणि गरम चहा झोंबतो. महत्त्वाची खूण जागेची. तोंड मिटले की चट्टा जिथे टेकतो तिथे बरोबर जुने, काळपट पडलेले, झिजलेले अमाल्गम असते. फिलिंग भरल्या भरल्या हे होत नाही, वर्षानुवर्षांच्या सहवासानंतर होते. शेजारीच दुसऱ्या धातूची टोपी असेल तर दोन धातूंमध्ये लाळेतून बारीक विद्युतप्रवाह वाहतो आणि झीज वाढते.

असे जुळून आलेले अमाल्गम काढून दुसरे काही भरले, तर बहुतेकांचा चट्टा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतो, अनेकांचा पुरता जातो. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्याच अभ्यासांत आणखी एक अवघड गोष्ट दिसते. पॅच टेस्टमध्ये पाऱ्याला काहीच प्रतिसाद न देणाऱ्यांपैकीही काहींचा चट्टा फिलिंग बदलल्यावर बरा होतो, कारण धातूची खरखरीत कडा नुसती घासून आणि झोंबूनही तसाच दाह करू शकते. उलट चट्टा फिलिंगपासून लांब, दोन्ही गालांवर सारखा, हिरड्यांवरही पसरलेला असेल, तर टेस्ट काहीही म्हणो, फिलिंग बदलून फारसा उपयोग होत नाही. तो लायकेन प्लॅनस हा वेगळा आजार असण्याची शक्यता जास्त. म्हणून मला विचाराल तर पहिली आणि स्वस्तातली तपासणी म्हणजे चांगला उजेड, आरसा आणि गाल दाढेवर टेकवून पाहणारा धीराचा डॉक्टर.

इथे आपल्या मुलखाचा प्रश्न येतो, आणि परदेशी पुस्तकांतले उत्तर जसेच्या तसे उचलून चालत नाही. स्वीडनमध्ये गालात पांढरा चट्टा दिसला तर डॉक्टर फिलिंगकडे पाहील. नायगाव, बिलोली, मुखेडकडे तोच चट्टा दिसला तर आधी तंबाखू आठवली पाहिजे. तंबाखू-चुन्याची चिमूट गालात धरणारे पुरुष, मिश्रीने दात घासणाऱ्या बाया, सुपारी आणि गुटखा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या कुठे दिसत नाहीत असे गाव दाखवणे कठीण. या विषयातले जगातले एक मोठे पायाभूत काम महाराष्ट्रातलेच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांच्या गटाने डेन्मार्कच्या येन्स पिंडबोर्ग यांच्यासह महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासून कर्करोग आणि त्याच्या आधीच्या खुणांची पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. एवढ्या खेडुतांचे तोंड उघडून, उजेडात धरून पाहणे, तेही त्या काळात, याबद्दल मला फार आदर वाटतो. पुढे १९८० मध्ये याच गटातल्या दफ्तरी, भोंसले, मूर्ती आणि सहकाऱ्यांनी पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात जिथे विडा धरला जातो बरोबर तिथेच लायकेन प्लॅनससारखी जाळी उठते, असे वर्णन केले.

दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एकात धातू गालाला टेकतो तिथे जाळी, दुसऱ्यात विडा गालाला टेकतो तिथे जाळी. दिसायला जवळजवळ सारखी, आणि आपल्याकडे एकाच तोंडात दोन्ही असू शकतात, कारण तंबाखू खाणाऱ्याच्याच दाढा आधी किडतात आणि भरल्या जातात. त्यात भर औषधांची. रक्तदाबावरच्या काही गोळ्या, मधुमेहाच्या काही गोळ्या, वेदनाशामके, मलेरियाची औषधे यांनीही लायकेनॉइड चट्टे येतात. पन्नाशी उलटलेल्या, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या, मिश्री लावणाऱ्या आणि तीन दाढांत चांदी असलेल्या आजींच्या गालातला चट्टा कशामुळे, हे एका नजरेत सांगणारा माणूस एकतर फार अनुभवी असावा लागतो नाहीतर फार उतावळा. दीर्घकाळ टिकणारे लायकेनॉइड चट्टे थोड्या प्रमाणात कर्करोगाकडे वळू शकतात, हे तज्ज्ञ मान्य करतात. तंबाखूच्या प्रदेशात तर बायोप्सी टाळणे धोक्याचे. ‘ॲलर्जी आहे, फिलिंग बदलू’ म्हणून सहा महिने काढले आणि चट्टा कर्करोगाचा निघाला, तर गेलेला वेळ भरून काढता येत नाही.

पॅच टेस्टबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ती आपल्याकडे का होत नाही हे त्यातून कळते. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांत निरनिराळे पदार्थ भरून चिकटपट्टीने लावतात. ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा वाचतात, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा, आणि धातूंच्या बाबतीत प्रतिक्रिया उशिरा येत असल्याने सातव्या दिवशीही पाहणे चांगले. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित संचात निकेल सल्फेट, कोबाल्ट क्लोराइड आणि क्रोमियमसाठी पोटॅशियम डायक्रोमेट असतात. दाढांतल्या पाऱ्यासाठी दंतवैद्यकाचा वेगळा संच मागवावा लागतो. ते दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हे अशक्य, पट्ट्या घामाने सुटून येतात. टेस्ट हिवाळ्यातच करावी. पण हिवाळ्यात कापूस वेचणी आणि तुरीची रास चालू असते. नायगावच्या शेतमजूर बाईने एका आठवड्यात निदान तीनदा नांदेडला जायचे म्हणजे निदान तीन दिवसांची मजुरी आणि तितक्यांदा एसटीचे भाडे. शिवाय अंगदुखीला म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने सर्रास दिली जातात. ती अंगात असतील तर प्रतिकारयंत्रणा दबलेली असते आणि टेस्ट खोटी ‘नकारात्मक’ येते. टेस्ट करण्याआधी हा प्रश्न नेमका विचारायला हवा: ‘कोणत्या गोळ्या, कोणते इंजेक्शन, किती दिवसांपूर्वी?’

याला पर्याय म्हणून काही ठिकाणी रक्ताची तपासणी विकली जाते. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी धातूसोबत वाढवून त्या किती फोफावतात हे मोजायचे, अशी ही कल्पना. स्वीडनमध्ये व्हेरा स्टेस्कल यांनी १९९० च्या दशकात तिची ‘मेलिसा’ नावाची आवृत्ती पुढे आणली. कल्पना चुकीची नाही, टी-पेशींची ओळख असली तर त्या वाढायलाच हव्यात. अडचण अशी की कसलाही त्रास नसलेल्या माणसांमध्येही ती बऱ्याचदा ‘सकारात्मक’ येते. केवळ अशा रिपोर्टच्या आधारे तोंडातल्या सगळ्या फिलिंग काढण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याचा कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता निकेलकडे. अमाल्गमवर इतकी चर्चा झाली की खरा मोठा खेळाडू बाजूलाच राहिला. रूट कॅनॉलनंतर बसवली जाणारी स्वस्तातली मेटलची टोपी, किंवा बाहेरून सिरॅमिक आणि आतून धातू असलेली टोपी, ही बहुधा निकेल-क्रोमियमची असते, आणि अशा मिश्रधातूत निकेल साठ टक्क्यांहून अधिक असू शकते. दात सरळ करायच्या स्टीलच्या तारांत आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असते. लवचीक निकेल-टायटॅनियमच्या तारांत तर जवळपास निम्मे. क्रोमियम पुरेसे असले की धातूवर संरक्षक थर बसतो आणि निकेल फारसे सुटत नाही, म्हणूनच निकेलची ॲलर्जी असलेल्या अनेकांना स्टीलच्या तारा सहज चालतात. ओतकाम हलके झाले, पॉलिश नीट झाले नाही, किंवा मिश्रधातूच कमी प्रतीचा असला, की झीज वाढते. मग टोपीच्या कडेची हिरडी कायम लाल-जांभळी राहते, ओठांचे कोपरे चिरतात, तोंडाभोवती पुरळ येते. क्वचित तोंडात काहीच नसते आणि हाताचा जुना इसब उसळतो. हिरडी लाल दिसली की बहुतेक वेळा खाली अन्न अडकलेले असते आणि टोपीची कडा नीट बसलेली नसते. ते आधी तपासावे, निकेल नंतर.

निकेलची ओळख आपल्या प्रतिकारयंत्रणेला होते ती सहसा दाढेतून नव्हे, दागिन्यांतून. बेंटेक्सच्या बांगड्या, खोटे मंगळसूत्र, बाजारातली कानातली, घड्याळाचा पट्टा, जीन्सचे बटण. युरोपात नेदरलँड्स आणि फिनलंडमधल्या अभ्यासांत एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्या मुलींना कान टोचण्याआधी दातांच्या तारा बसल्या होत्या, त्यांच्यात निकेलची ॲलर्जी कमी. तोंडावाटे, हळूहळू, थोड्या प्रमाणात गेलेला धातू प्रतिकारयंत्रणा सहन करायला शिकते, तर टोचलेल्या कातडीतून गेलेल्या धातूशी ती वैर धरते, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे मुलीचे कान तान्हेपणीच टोचतात. तो संस्कार सोन्याच्या तारेने होत असे तोवर फारसे बिघडत नव्हते. आता सोने परवडत नाही आणि त्याच भोकात शाळेच्या वयापासून दहा-वीस रुपयांची कानातली येतात. तारा बसतात त्या नंतर, तेही बसल्या तर. क्रम नेमका उलटा. तेव्हा दंतवैद्याने टोपी किंवा तार बसवण्याआधी प्रत्येक बाईला एक साधा प्रश्न विचारायला हवा: ‘बेंटेक्स घातल्यावर खाजतं का?’ उत्तर ‘हो’ आले तर निकेल टाळून कोबाल्ट-क्रोमियमची, झिरकोनियाची किंवा परवडत असल्यास सोन्याच्या मिश्रधातूची टोपी घ्यावी. यासाठी यंत्र लागत नाही, रक्त लागत नाही, पाठीवर पट्ट्याही लागत नाहीत.

सोने निर्दोष आहे अशी समजूतही पूर्ण खरी नाही. सोन्याच्या क्षाराला पॅच टेस्टमध्ये प्रतिसाद देणारे इतके सापडले की अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संस्थेने २००१ मध्ये सोन्यालाच ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले. त्यांपैकी बहुतेकांना प्रत्यक्षात त्रास नसतो. टायटॅनियमच्या इम्प्लांटबाबत स्पेनमधल्या १,५०० रुग्णांच्या पाहणीत अवघे नऊ जण संवेदनशील निघाले. जबड्यात स्क्रू बसवून घेणाऱ्यांनी ॲलर्जीच्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

उरला तिसरा, सर्वांत गोंगाटाचा प्रश्न: दाढेतला पारा प्रतिकारयंत्रणा बिघडवून संधिवात, थायरॉइड, मज्जासंस्थेचे आजार आणतो का? प्रयोगशाळेत याला आधार मिळतो. ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदरांना आणि काही ठरावीक वंशाच्या छोट्या उंदरांना पारा दिला की त्यांची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या शरीराविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. दुसऱ्या वंशाच्या उंदरांना तेवढाच पारा काही करत नाही. माणसांतही अशी जनुकीय ठेवण असलेले थोडे जण असू शकतील, हे मी नाकारणार नाही. पण माणसांवर काळजीपूर्वक केलेले मोठे अभ्यास वेगळे सांगतात. २००६ मध्ये अमेरिकेतील ५३४ आणि पोर्तुगालच्या लिस्बनमधील ५०७ मुलांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांना अमाल्गम आणि निम्म्यांना दुसरे भरण दिले होते, आणि पाच ते सात वर्षे पाठपुरावा केला होता. अमाल्गमवाल्यांच्या लघवीत पारा जास्त होता, पण बुद्धी, स्मृती, चेतासंस्था यांत फरक दिसला नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला म्युनिकचा अभ्यास. आपल्या सगळ्या त्रासाचे मूळ अमाल्गम आहे अशी खात्री असलेल्या ९० लोकांचे तीन गट केले. एकाचे अमाल्गम काढले. दुसऱ्याचे काढून वर ‘शरीरशुद्धी’चे उपचारही दिले. तिसऱ्याचे काहीच काढले नाही, फक्त आहार, विश्रांती, व्यायाम, मनाची घडी असा आरोग्याचा कार्यक्रम दिला. वर्षभराने तिन्ही गटांना साधारण सारखेच बरे वाटत होते. त्या लोकांचा त्रास खोटा होता असे यातून निघत नाही. त्रास खरा होता, त्याला कुणीतरी नीट लक्ष देणे आवश्यक होते, आणि ते मिळाल्यावर तो हलका झाला.

पाऱ्याने प्रतिकारयंत्रणा खरोखर बिघडलेले उदाहरण महाराष्ट्रात अगदी अलीकडे घडले, आणि ते दाढेतले नव्हते. २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली की अकोल्याकडच्या एकाच घरातल्या तिघींना गोरे करणाऱ्या क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा सापडला. केरळच्या मलप्पुरम भागातल्या डॉक्टरांनीही अशा क्रीमशी जोडलेला मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा मूत्रपिंडाचा विकार पुढे वर्णन केला. या विकारात शरीराचीच प्रतिपिंडे मूत्रपिंडाच्या गाळणीवर बसतात. जे भय दाढेतल्या फिलिंगविषयी पसरवले जाते, ते चेहऱ्याला फासायच्या डबीतून प्रत्यक्ष घरात येते. चांदी काढायला निघालेल्या माणसाने आधी घरातल्या क्रीमवरचे लेबल वाचावे, आणि लेबल नसलेल्या डब्या फेकून द्याव्यात.

मग अमाल्गम राहू द्यायचे का? नवीन भरताना नको, जुने धड असेल तर राहू द्यावे, असे माझे मत, आणि जगाचेही साधारण तेच ठरत आले आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, चेतासंस्थेचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले, तसेच पाऱ्याची संवेदनशीलता माहीत असलेले यांच्यात अमाल्गम टाळायला सांगितले. त्याच वेळी, धडधाकट फिलिंग वैद्यकीय गरज नसताना काढू नका, असेही बजावले. उकरताना पाऱ्याची वाफ काही काळ वाढतेच, शिवाय चांगल्या दाताचा भागही कापला जातो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गम जवळपास बंद केले. भारताने २०१८ मध्ये मान्य केलेल्या, पाऱ्याविषयीच्या मिनामाटा कराराच्या सभासद देशांनी नोव्हेंबर २०२५ च्या जिनिव्हा बैठकीत २०३४ पर्यंत दंत-अमाल्गम थांबवायचे ठरवले आहे. हे निर्णय ॲलर्जीसाठी कमी आणि पर्यावरणासाठी जास्त आहेत, म्हणजे दवाखान्याच्या बेसिनमधून गटारात आणि तिथून नदीत जाणारा पारा थांबवण्यासाठी. दवाखान्यात वर्षानुवर्षे बाटलीतला पारा खलात घोटून हाताने पिळणाऱ्या मदतनिसांचा धोका पेशंटपेक्षा कितीतरी मोठा होता, त्याची आठवण फार थोडे ठेवतात.

पर्यायही सोवळे नाहीत. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट हे मेथाक्रिलेट जातीच्या रसायनांचे असते. ते घट्ट होण्याआधी कातडीला लागत राहिले तर त्यांची जबर ॲलर्जी होते आणि ती सर्वाधिक भोगतात दंतवैद्य आणि त्यांचे मदतनीस, कारण ही रसायने पातळ हातमोज्यांतूनही आत शिरतात. कवळीच्या ॲक्रिलिकचेही तसेच. खेड्यासाठी मला जवळचे वाटते ते काच-आयनोमर, म्हणजे लोक ज्याला सिमेंट म्हणतात ते. इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी ते १९७० च्या सुमारास तयार केले. त्यात पारा नाही, निकेल नाही, दाताला ते स्वतःहून चिकटते आणि फ्लोराइड सोडते. १९८० च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन यांनी ड्रिलशिवाय, विजेशिवाय, हातातल्या अवजारांनी कीड खरवडून हेच सिमेंट भरायची पद्धत बसवली. भारनियमनाच्या गावात, शाळेच्या व्हरांड्यात ती चालते. मोठ्या दाढेच्या रुंद खड्ड्यात ते अमाल्गमइतके टिकत नाही हे खरे, म्हणून कीड लहान असतानाच भरावे लागते.

या भागात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. नांदेडला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, लातूरला एमआयडीएसआर आहे, दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दात पाहणारे आणि कातडी पाहणारे एका जिल्ह्यात असूनही गालातल्या चट्ट्याचा पेशंट एकाकडून दुसऱ्याकडे क्वचितच पाठवला जातो. आठवड्यातून एक दिवस दोघांनी एकत्र बसून असे पेशंट पाहिले, फोटो काढला, चट्टा फिलिंगला टेकतो का याची नोंद केली, तंबाखू-मिश्री-सुपारी आणि चालू गोळ्या लिहिल्या, गरजेला बायोप्सी घेतली, आणि हिवाळ्यात निवडक पेशंटची पॅच टेस्ट केली, तर पाच वर्षांत मराठवाड्याची स्वतःची माहिती तयार होईल.

दुसरी गोष्ट कागदाची. टोपी ओतणारी लॅब मिश्रधातूच्या पाकिटावरचे नाव आणि घटक पाहूनच काम करते. डॉक्टरांनी ते नाव पेशंटच्या कार्डावर लिहावे: कोणत्या दाढेत काय, कोणत्या साली. काही हलक्या निकेल मिश्रधातूंत बेरिलियम असते, आणि ते घासणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसाला धोका असतो, तेही या नोंदीमुळे कळेल. पेशंटनेही दाढ भरून झाल्यावर ‘काय भरलं, लिहून द्या’ एवढे मागायला हरकत नाही. पुढे हैदराबादला किंवा पुण्याला जावे लागले, तर तिथल्या डॉक्टरला पाच मिनिटांत उलगडा होईल.

आणि ज्याच्या गालात आज चट्टा आहे, त्याने क्रम असा धरावा. तंबाखू, मिश्री, सुपारी आजपासून बंद. चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणतीही बंद करू नये. चट्टा दोन-तीन आठवड्यांत कमी झाला नाही, कडक झाला, किंवा तोंड कमी उघडू लागले, तर आधी बायोप्सी. तो दाढेतल्या जुन्या चांदीला किंवा टोपीला बरोबर टेकत असेल, तर तेवढी एकच फिलिंग रबरी पडदा लावून, पाण्याचा मारा आणि सक्शन चालू ठेवून बदलून घ्यावी आणि तीन महिने गालाकडे पाहावे. बाकीच्या दाढांना हात लावायचा की नाही, हे त्या तीन महिन्यांनंतर ठरवावे.